गांवाच्या कारभाराचें कौतुक कोणीं करावें?

(नभोवाणीवरील भाषण)



म्युनिसिपालिटीला नांवें ठेवणें हा आपल्या शहरी जीवनांतला नित्याचा परिपाठ आहे. सकाळीं नळाला पाणी आलें नाहीं, कीं पहिला शब्द तिच्या नांवानें निघतो. पाणी आलें तर मात्र आपण तें निमूटपणें भरून घेतों आणि कामाला लागतों. यांत वावगें असें कांहीं नाहीं. पट्टी भरणाऱ्यानें जाब विचारलाच पाहिजे. परंतु जाब विचारण्याची संवय आपल्याला जितकी जडली आहे, तितकी चांगलें काम ओळखण्याची जडलेली नाहीं. दोष रस्त्यावर पडलेला असतो, गुण शोधावा लागतो. शहरांच्या कारभारांत कोणी कांहीं नवें केलें, कोणी पुढाकार घेतला, तर त्याचा गौरव कोणीं व कोणत्या कसोटीवर करावा, याविषयीं आज थोडें बोलण्याचें मीं योजिलें आहे.

एखाद्या कारखानदारानें नवी युक्ति काढली, तर तिचा नफा त्याच्या पदरांत पडतो. युक्ति फसली तर तोटाही त्याचाच. नगरपालिकेच्या अधिकाऱ्याचें तसें नाहीं. त्यानें कचरा उचलण्याची नवी पद्धति सुरू केली आणि ती साधली, तर त्याच्या पगारांत एका रुपयाचीही भर पडत नाहीं. फसली, तर सभागृहांत प्रश्न, वर्तमानपत्रांत टीका आणि कदाचित् बदलीचा हुकूम. अशा स्थितींत शहाणा मनुष्य जुन्या वाटेनेंच जातो. जुन्या वाटेवर झालेल्या चुकीला कोणी चूक म्हणत नाहींत, वहिवाट म्हणतात! तेव्हां नव्या प्रयोगाला धजावणाऱ्याला मिळण्यासारखें कांहीं असेल, तर तें म्हणजे जाणकारांनीं दिलेली मान्यता. हा त्याचा एकुलता एक नफा भलत्याच माणसाच्या खात्यांत जमा झाला, तर पुढच्या वेळीं धजावणारा गप्प बसतो, आणि त्याचें मोल तुम्हांआम्हांला आपल्या दारांतल्या गटारापाशीं मोजावें लागतें.

आतां जाणकार कोणाला म्हणावें? राज्यकर्त्यांनीं दिलेलें पदक मोलाचें खरें. पण राज्यकर्ते वरून पाहतात. वर्तमानपत्रें बाहेरून पाहतात. एका शहराचें काम खऱ्या अर्थानें पारखूं शकतें तें दुसरें शहर, कारण तोच डोंगर त्याच्याही छातीवर असतो. ह्यासाठींच जगांत नगरसंस्थांचे व नगराधिकाऱ्यांचे संघ निघाले.

अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत डेटन नांवाचें शहर आहे. १९१३ च्या मार्च महिन्यांत तेथें महापूर आला आणि शहरांत व आसपास मिळून तीनशेंहून अधिक माणसें दगावलीं. पक्षोपक्षांच्या ओढाताणींत चालणारा जुना कारभार ह्या संकटापुढें तोकडा पडला. त्याच वर्षीं नागरिकांनीं मतदान करून नवी सनद स्वीकारली आणि १९१४ च्या आरंभापासून निवडलेल्या प्रतिनिधींच्या मंडळाखालीं एका शिक्षित व्यवस्थापकाची नेमणूक केली. हेन्री वेट हे त्यांचे पहिले ‘सिटी मॅनेजर’, पेशानें इंजिनियर. ही कल्पना डेटनची स्वतःची नव्हती. व्हर्जिनियांतील स्टॉन्टन ह्या लहानशा गांवानें १९०८ सालीं चार्ल्स अॅशबर्नर यांना असेंच नेमलें होतें. लहान गांवानें केलेला प्रयोग मोठ्या शहराच्या उपयोगी पडला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्याच १९१४ सालच्या डिसेंबरांत ओहायोंतीलच स्प्रिंगफील्ड येथें ह्या नव्या पेशांतले अवघे आठ जण एकत्र जमले आणि त्यांनीं आपला संघ स्थापन केला. आज तो आंतरराष्ट्रीय संघ आहे. १९२४ सालीं ह्या संघानें आपल्या सभासदांसाठीं आचारसंहिता केली. तींत असें कलम घालण्यांत आलें, कीं धोरण ठरविल्याचें श्रेय लोकांनीं निवडलेल्या प्रतिनिधींचें आहे. व्यवस्थापकाकडे राहते ती अंमलबजावणीची जबाबदारी. आपल्याच सभासदांनीं श्रेय घेऊं नये, असें लिहून ठेवणारे पेशे जगांत थोडे सांपडतील. हा संघ आपल्या सभासदांचा गौरवही करतो, आणि त्यांत सेवेचीं वर्षें मोजून दिलेलीं मानपत्रेंही असतात. वीस, तीस, चाळीस वर्षें गांवकारभारांत झिजणें ही सुद्धां गौरवाची गोष्ट आहे, असें तो मानतो. मला स्वतःला ही रीत फार आवडते.

गौरवाची दुसरी एक तऱ्हा अमेरिकेंतच निघाली. १८९४ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल म्युनिसिपल लीग ह्या संस्थेच्या वतीनें १९४९ पासून दरवर्षीं कांहीं शहरांना ‘ऑल-अमेरिका सिटी’ हा मान देण्यांत येऊं लागला. लोकमताची चांचणी घेणारे म्हणून प्रसिद्ध असलेले जॉर्ज गॅलप हे अनेक वर्षें त्याच्या पंचमंडळाचे प्रमुख होते. ह्या मानाचें वैशिष्ट्य असें, कीं तो सर्वांत सुंदर किंवा सर्वांत सुव्यवस्थित शहराला देत नाहींत. आपल्या गांवांत अमुक अमुक बिघडलें होतें आणि तें आम्हीं नागरिकांनीं एकत्र येऊन असें सुधारलें, असें ज्याला पंचांपुढें उघड सभेंत उभें राहून सांगतां येतें, त्या गांवाला तो मिळतो. क्लीव्हलंड शहर १९७८ च्या डिसेंबरांत आपल्या कर्जाचे हप्ते चुकविलेलें, जगांत नाचक्की झालेलें शहर. त्याच शहराला १९८२, १९८४ व १९८६ असा तीनदां हा मान मिळाला. शाळेच्या बक्षिससमारंभांत पहिल्या नंबराच्या मुलाला सगळे टाळ्या देतात. पण नापासाच्या काठावरून साठ गुणांवर आलेल्या मुलासाठीं एक बक्षीस राखून ठेवावें, हें ज्या शाळेला सुचतें, तिच्या शिक्षकांनीं मुलें नीट पाहिलेलीं असतात.

हें सगळें परमुलखांतलें झालें. आपल्या शेजारच्या सुरतेचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. १९९४ च्या सप्टेंबरांत सुरतेंत प्लेगचा उद्भव झाला आणि लाखों लोक शहर सोडून पळाले. उधना, लिंबायत ह्या भागांत खानदेशांतून पोटासाठीं गेलेली आपली मराठी वस्ती मोठी आहे. त्यांतलीं कित्येक कुटुंबें त्या दिवसांत गांठोडीं घेऊन मूळ गांवीं परतलीं. पुराचें पाणी, तुंबलेलीं गटारें आणि न उचललेला केर यांचें तें फळ होतें. पुढच्या वर्षीं, १९९५ च्या मे महिन्यांत, एस्. आर्. राव हे म्युनिसिपल कमिशनर म्हणून तेथें आले.

रावांनीं नवीन यंत्र आणलें नाहीं. त्यांनीं शहराचे सहा विभाग पाडले आणि आपले बरेचसे अधिकार प्रत्येक विभागप्रमुखाच्या हातीं दिले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनीं रोज सकाळीं कचेरीच्या बाहेर, रस्त्यावर, असावें असा दंडक घातला. ह्या दंडकाला ‘एसी ते डीसी’ असें गमतीचें नांव पडलें. म्हणजे वातानुकूलित खोलींतून रोजच्या कामाकडे. दुपारीं सर्वांनीं एकत्र बसून सकाळीं काय दिसलें तें सांगावयाचें आणि तेथल्या तेथें निर्णय करावयाचा. रस्ते रात्रीं झाडूं लागले. घाण करणाराकडून दंड वसूल होऊं लागला. अतिक्रमणें हटवितांना आरंभ बड्या धेंडांपासून केला, म्हणून गरिबांची कुरकुर राहिली नाहीं. पुढच्या कांहीं वर्षांतच इंटॅक ह्या संस्थेनें स्वच्छतेच्या बाबतींत चंदीगडच्या खालोखाल सुरतेला स्थान दिलें.

रावांचें नांव देशभर झालें, तें यथायोग्यच होतें. पण माझ्या मतें सुरतेची खरी परीक्षा ते बदलून गेल्यावर सुरू झाली. आपल्याकडे कमिशनर म्हणजे राज्य सरकारनें नेमलेला, आज येथें तर उद्यां तेथें. महापौराची मुदतही थोडकी. कर्तबगार पुरुष आला, त्यानें चार वर्षांचें काम दोन वर्षांत केलें, त्याची मिरवणूक निघाली. तो गेला आणि सहा महिन्यांत गटारें पुन्हां तुंबलीं, असा अनुभव आपल्या कितीतरी शहरांना आहे. सुरतेंत तसें झालें नाहीं. अधिकार खालीं वांटून दिलेले होते, म्हणून काम एका माणसाच्या पायांवर उभें नव्हतें. केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ सर्वेक्षणां’त २०२३ सालचा पहिला क्रमांक इंदूर व सुरत यांना विभागून मिळाला, तेव्हां प्लेगला जवळजवळ तीस वर्षें उलटून गेलीं होतीं. ह्या तीस वर्षांतल्या मुकादमांचीं, झाडूवाल्यांचीं व विभागाच्या कारकुनांचीं नांवें कोणत्याही ढालीवर कोरलेलीं नाहींत.

गुजरातेंत १९९७ सालीं नगराधिकाऱ्यांचा ‘सिटी मॅनेजर्स असोसिएशन’ हा संघ निघाला. त्याला वर सांगितलेल्या अमेरिकन संघाचें साहाय्य होतें. एका शहरांत जमलेली चांगली युक्ति टिपून ठेवावयाची, तिचें टांचण करावयाचें आणि तें दुसऱ्या शहराच्या हातीं द्यावयाचें, हें त्याच्या मुख्य कामांपैकीं एक. हें काम ढाल देण्याइतकें दिमाखदार नाहीं, पण उपयोग ह्याचाच अधिक. ढाल एका कचेरींत, कांचेच्या कपाटांत राहते. टांचण गांवोगांव फिरतें.

मात्र टांचण फिरलें, कीं कधीं कधीं विचित्र प्रकार होतो. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्री ह्या शहरांत १९८९ पासून अंदाजपत्रकाचा कांहीं भाग मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या लोकांच्या सभांमधून ठरूं लागला. कोणत्या वस्तींत आधीं नळ, कोणत्या वस्तींत आधीं रस्ता, हें लोक आपसांत वाद घालून ठरवीत. १९९६ सालच्या इस्तंबूल येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेंत ह्या पद्धतीचा अनुकरणीय म्हणून गौरव झाला आणि ती जगभर पसरली. आपल्या पुण्यानेंही २००६ च्या सुमारास त्याच कल्पनेचा स्वीकार करून नागरिकांकडून आपापल्या प्रभागांतलीं कामें सुचविणारे अर्ज मागविण्यास आरंभ केला. आणि खुद्द पोर्तो अलेग्रींत? तेथें ती पद्धति क्षीण होत गेली आणि २०१७ सालीं तहकूब झाली. गौरवानें कल्पनेचे पाय लांबवर गेले, पण माहेरीं तिला कोणी विचारीना. पंचांनीं मान दिल्यानंतर पांच-दहा वर्षांनीं पुन्हां एकदां त्या गांवीं जाऊन पाहण्याची चाल असती, तर ही गोष्ट वेळेवर लक्षांत आली असती.

स्वच्छ सर्वेक्षणाचा उल्लेख वर आलाच आहे. २०१६ सालीं पहिल्या खेपेला त्यांत ७३ शहरें होतीं, म्हैसूर पहिलें आणि इंदूर पंचविसावें. दुसऱ्याच वर्षीं इंदूर पहिलें आलें आणि पुढें सतत सात वेळां त्यानें तो क्रमांक राखला. होळकरांच्या ह्या नगरींत मराठी घराणीं पुष्कळ. त्यांना ह्याचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. इंदुरानें दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घेण्याची शिस्त लावली, ही गोष्ट कोणत्याही गांवाला उचलतां येण्यासारखी आहे. तरीपण क्रमवारीची पद्धति मला सर्वस्वीं पटत नाहीं. पंच यावयाच्या आधीं भिंती रंगविणारीं शहरें मीं पाहिलीं आहेत. इन्स्पेक्टर यावयाच्या आदल्या दिवशीं वर्ग सारवून घेणारे हेडमास्तरही मीं पाहिले आहेत! शिवाय एकच मुलगा दरवर्षीं पहिला येऊं लागला, कीं बाकीचीं मुलें प्रयत्न सोडतात. हें संयोजकांच्याही ध्यानांत आलेलें दिसतें. २०२४ च्या सर्वेक्षणांत इंदूर, सुरत व आपली नवी मुंबई यांसारख्या नेहमींच्या अव्वल शहरांचा वेगळा गट करण्यांत आला आणि इतरांसाठीं शर्यत मोकळी झाली. हा शहाणपणाचा निर्णय होता.

मग नगरसंघांनीं, महापौरांच्या परिषदांनीं, नगराध्यक्षांच्या संघटनांनीं मान देतांना काय पाहावें? माझ्यापुरतें मी असें म्हणेन, कीं अर्जांत फळाबरोबर खर्च मागावा आणि काय फसलें तेंही मागावें. फसलेलें न सांगणारा अर्ज बाजूला ठेवण्यास हरकत नाहीं. ज्याच्या नांवानें मान द्यावयाचा तो बदलून गेल्यावर काम चालू आहे काय, हें दोन वर्षांनीं पाहून मगच मान कायम करावा. लहान नगरपालिकांची तुलना महानगरपालिकांशीं करूं नये. आणि मानपत्रावर एका नांवाऐवजीं संपूर्ण तुकडीचीं नांवें घालावीं. मुंबईंत १९२६ पासून काम करणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आरोग्यनिरीक्षक आणि इतर नगरसेवाकर्मचारी शिकवून तयार करीत आली आहे. गांवाची स्वच्छता टिकते ती अशा माणसांच्या रोजच्या फेरीवर. समारंभाच्या छायाचित्रांत त्यांतला एक तरी पुढच्या रांगेंत बसलेला दिसावा.

ह्या कामांत आपणां श्रोत्यांनाही हातभार लावतां येईल. आपल्या शहराला एखादी ढाल मिळाल्याचें वर्तमानपत्रांत वाचाल, तेव्हां त्या ढालीसाठीं पाठविलेला अर्ज पाहावयास मागा. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालीं महाराष्ट्रांत दहा रुपयांच्या शुल्कावर तो मागतां येतो. त्यांत लिहिलेलें काम आपल्या गल्लींत दिसतें कीं नाहीं, हें ताडून पाहण्यास एक सकाळ पुरे. दिसलें, तर त्या विभागाच्या मुकादमाला तसें पत्र लिहून कळवा. दिसलें नाहीं, तर तेंच पत्र ढाल देणाऱ्या संघाकडे पाठवा.