एकसष्टावं मूल

नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या फलकावर शाळेच्या नावाखाली एक अकरा आकडी क्रमांक दिसतो. त्याची सुरुवात 2709 ने होते. 27 म्हणजे महाराष्ट्र, 09 म्हणजे नागपूर. पुढचे दोन आकडे तालुक्याचे, त्यापुढचे तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. हा यू-डायस क्रमांक. शाळेकडे निघालेला सरकारी पैसा हा पत्ता पाहून येतो, आणि किती यायचा ते या क्रमांकाखाली किती मुलं नोंदली आहेत त्यावर ठरतं.

म्हणजे नेमकं काय? समग्र शिक्षा योजनेत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतं, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच. गणवेशाला मुलामागे 600 रुपये. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला 150. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांना 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि एकसष्टावं मूल आलं की तिसऱ्या शिक्षकाचा हक्क. जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक जूनमध्ये गावातल्या घरोघरी का फिरतात, ते यावरून कळावं.

पटावर पैसा अवलंबून असला की पट फुगवण्याचा मोहही आलाच. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली. तेच मूल दुसऱ्या शाळेत नेऊन बसवू नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. तरी 20 लाखांच्या घरात मुलं कागदावर होती आणि वर्गात नव्हती. मुलांच्या संख्येवर विश्वास ठेवायचा नाही, एकेका मुलाची नावानिशी नोंद घ्यायची, या विचाराला महाराष्ट्रात जोर आला तो या प्रकरणानंतर. 2015 मध्ये राज्याने ‘सरल’ प्रणाली आणली आणि प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायला सुरुवात झाली. केंद्राची यू-डायस प्रणाली तेव्हा शाळेचा एकूण आकडाच घेत होती: इतकी मुलं, इतक्या मुली, इतक्या खोल्या. ती मुलागणिक झाली 2022-23 पासून. एकेक नाव मोजायला लागल्यावर देशाची पटसंख्या 2021-22 मधल्या 26.52 कोटींवरून 2022-23 मध्ये 25.18 कोटींवर आणि पुढच्या वर्षी 24.80 कोटींवर आली. दुबार नावं गळाली हे त्यामागचं एक कारण.

आता हा आकडा अंदाजपत्रकात कसा उतरतो ते पाहू. 30 सप्टेंबरचा पट प्रमाण धरतात. शाळेने माहिती भरायची, केंद्रप्रमुखांनी तपासायची, मग ती गटसाधन केंद्रातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून राज्याला जाते. तिच्यावर जिल्ह्याचा वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक आराखडा बेततात. सगळ्या जिल्ह्यांचे आराखडे एकत्र करून महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद ते दिल्लीला मांडते. तिथे प्रकल्प मान्यता मंडळ एकेक बाब तपासतं, काही कापतं, काही मान्य करतं. मान्य रकमेत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40. पैसा हप्त्याहप्त्याने सुटतो. वर्गात बसलेल्या मुलासाठीचा रुपया शाळेच्या खात्यावर पडेपर्यंत ते मूल पुढच्या इयत्तेत गेलेलं असतं, हे काही नवल नाही.

तारखेचा आणखी एक काच आहे. नागपूरच्या आसपासच्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाळ्यापर्यंत चालतात. तिथे मजुरीला येणाऱ्या कुटुंबांची मुलं 30 सप्टेंबरला गावाकडच्या शाळेत मोजली गेलेली असतात. डिसेंबरात ती भट्टीजवळच्या शाळेत बसली, तर बसायला जागा मिळते, ताटात खिचडीही पडते, पण शिक्षकांची पदं ठरवताना ही मुलं त्या शाळेच्या हिशेबात नसतात.

अशा मुलाच्या मागोमाग त्याची नोंदही यावी यासाठी ‘पेन’ आहे, म्हणजे कायम शिक्षण क्रमांक. मूल पहिल्यांदा यू-डायसमध्ये चढलं की हा क्रमांक मिळतो आणि शाळा बदलली तरी तोच राहतो. जुन्या शाळेने मूल सोडून गेल्याची नोंद केली की ते पोर्टलवरच्या ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जातं. नवी शाळा पेन आणि जन्मतारीख टाकून त्याला तिथून उचलते. कल्पना उत्तम आहे. पण जुन्या शाळेने सोडलंच नाही तर? मग नव्या शाळेतले गुरुजी फोन लावत बसतात. मध्य प्रदेशातल्या शिवनी किंवा बालाघाटच्या एखाद्या शाळेचा नंबर शोधायचा म्हणजे भाषेपासून सुट्ट्यांपर्यंत सगळं वेगळं. आणि आपला पट घटेल म्हणून मूल सोडायला टाळाटाळ करणाऱ्या शाळाही आहेतच.

त्याहून चिकट काम आधार जुळवण्याचं. एक आडनाव घ्या, मडावी. विदर्भात घरोघरी सापडणारं. शाळेच्या जनरल रजिस्टरात ते मराठीत लिहिलेलं, आधारवर इंग्रजीत. आधार केंद्रावरच्या मुलाने ‘वी’साठी व्ही टाइप केला की डब्ल्यू, शेवटी आय लावला की डबल ई, हे त्या दिवशीच्या घाईवर अवलंबून. पोर्टलला मात्र अक्षर न् अक्षर जुळायला हवं असतं. नाही जुळलं की ‘मिसमॅच’. त्यात पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार ठशांविना निघतं, म्हणून पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे द्यावे लागतात. संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, आधार वैध असलेलीच मुलं धरायची असं धोरण राज्याने घेतल्यापासून एका डब्ल्यूपायी शिक्षकाचं पद डगमगू लागलं. जिवंत, रोज हजर असलेलं मूल स्पेलिंगसाठी पटाबाहेर राहावं, हे मला तरी पटत नाही. पटपडताळणीच्या दिवशी बोटाला लावलेली शाई याहून न्यायी होती.

ही सगळी माहिती भरतं कोण? पोर्टल, सर्व्हर, पुण्यातलं विद्या समीक्षा केंद्र यांना योजनेत तरतूद असते. योजनेच्या व्यवस्थापन खर्चातून गटसाधन केंद्रांत डाटा एंट्री ऑपरेटर आणि एमआयएस समन्वयक नेमतात, तेही कंत्राटी; हिवाळी अधिवेशनाच्या काळात त्यांची आंदोलनं नागपूरकरांनी पाहिलेली आहेत. त्याखाली, जिथे नोंद जन्माला येते त्या प्राथमिक शाळेत, लिपिकच नसतो. दोन शिक्षकांपैकी एक जण स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर, रात्री सर्व्हर मोकळा झाला की बसतो. आराखड्यात सगळ्यात महाग वस्तू वर आहेत आणि सगळ्यात नाजूक काम खाली फुकटात चाललं आहे.

माहिती जोडली म्हणून ती खरी होत नाही, याचा दाखला नागपूर विभागानेच 2025 मध्ये दिला. ‘शालार्थ’ ही शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली. बनावट कागदांच्या आधारे तीत अपात्र लोकांचे आयडी तयार करून पगार उचलल्याचं प्रकरण उघडकीस आलं, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं. ज्याच्या हाती मंजुरीचं बटण, तोच सामील असला तर यंत्र काय करणार?

मुलांच्या नोंदींत आता ‘अपार’ची भर पडली आहे. हा बारा आकडी क्रमांक, डिजिलॉकरला जोडलेला, गुणपत्रिका आणि क्रेडिट त्यात साठणार. शाळा पालकांकडून त्यासाठी संमतीपत्र भरून घेतात. ही संमती ऐच्छिक आहे आणि नंतर मागेही घेता येते. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलं आहे, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती हा मूळ नियम आहे. अमेरिकेत ‘इनब्लूम’ नावाचा मुलांच्या माहितीचा मोठा साठा पालकांच्या विरोधामुळे 2014 मध्ये बंद करावा लागला. त्याच्यामागे पैसा भरपूर होता, पण आईबापांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

पालकांनी मुलाचं नाव शाळेतून काढताना दाखल्यावर पेन लिहिला आहे का आणि पोर्टलवरून मूल ‘सोडलं’ आहे का, एवढं तिथेच विचारून घ्यावं. नावात फरक असेल तर आधार केंद्रावर जाताना शाळेचं बोनाफाईड आणि जन्मदाखला दोन्ही सोबत न्यावेत, कारण रजिस्टरातली नोंद मुख्याध्यापकांना आपल्या मनाने बदलता येत नाही. आणि हे 30 सप्टेंबरच्या आत झालेलं बरं.