क्रॅपीच्या शिकारीत खोलीचे गणित

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या एनिड जलाशयात १९५७ साली सुमारे २.३५ किलो वजनाचा विक्रमी पांढरा क्रॅपी मासा गळाला लागला. उन्हाळ्यात हे मासे काठ सोडून मोकळ्या, खोल पाण्यात वावरतात. अशा वेळी ‘ट्रोलिंग’ उपयोगी पडते. ताशी २.५ ते ३ किलोमीटर वेगाच्या नावेमागे ‘क्रँकबेट’ हे माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष ओढले जाते. त्याच्या तोंडाशी असलेली पट्टी त्याला खाली नेते. दोरी लांब सोडली, की ते साधारणपणे अधिक खोल जाते. क्रॅपी वरच्या बाजूचे भक्ष्य टिपतो. म्हणून आमिष थव्याच्या किंचित वरून जावे, हे गणित नवशिक्याने आधी साधावे. मासा लागल्यावर हिसका मात्र देऊ नये. त्याच्या तोंडाची पातळ कातडी फाटून गळ निसटतो.