ब्राउझरमधला सोफा

गिऱ्हाइकानं क्यूआर कोड स्कॅन करावा आणि आपला सोफा लगेच त्याच्या हॉलमध्ये मांडलेला दिसावा, ॲप डाऊनलोड करायची कटकट नको, असं हल्ली बऱ्याच फर्निचरवाल्यांना वाटतं. मग दोन-चार जणांची एखादी एजन्सी बोलावली जाते. बोलणी होतात ती रंगांवर, फिरत्या लोगोवर आणि अर्थात दरावर. फोनला जमीन कुठे आहे हे कळतं कसं, हे कुणी विचारत नाही. खरं तर कोटेशन तिथूनच ठरायला हवं.

कॅमेऱ्याच्या चित्रातून सॉफ्टवेअर सतत ठळक बिंदू हुडकत असतं. लाद्यांमधल्या फटी, सतरंजीची नक्षी, टीपॉयचा कोपरा. फोन हलला की हे बिंदू पडद्यावर किती सरकले, त्यावरून फोन कुठून कुठे गेला याचा हिशेब लागतो. एकरंगी, चकचकीत फरशीवर बिंदूच मिळत नाहीत आणि सोफा तरंगायला लागतो. त्यातून एका कॅमेऱ्याला जवळची भातुकलीतली खुर्ची आणि लांबची खरी खुर्ची सारख्याच मापाची दिसू शकते. खरं माप कळण्यासाठी फोनच्या त्वरणमापकाची साक्ष काढावी लागते. चित्र आणि त्वरण यांच्या वेळा मिलिसेकंदांत जुळल्या नाहीत, तर सहा फुटांचा सोफा पाच फुटांचा होऊन बसतो आणि भांडण दुकानात येतं.

ॲपलचं एआरकिट (२०१७) आणि गूगलचं एआरकोर (२०१८) ही जुळणी फोनच्या यंत्रणेतच करतात. अँड्रॉइडवरचा क्रोम ब्राउझर वेबएक्सआर या वेब-मानकामार्फत एआरकोरची मदत घेऊ शकतो. आयफोनच्या सफारीत ती सोय नाही. तिथे एक तर क्विक लुक या ॲपलच्याच दर्शकात सोफ्याचं थ्रीडी मॉडेल उघडायचं, नाहीतर सगळं गणित वेबपानातल्याच कोडनं करायचं. हा दुसरा मार्ग महागडा, बॅटरी खाणारा आणि बहुधा तिसऱ्याच कंपनीच्या इंजिनावर अवलंबून. एट्थ वॉल हे या क्षेत्रातलं बडं नाव २०२२मध्ये नायँटिकनं, म्हणजे पोकेमॉन गोवाल्यांनी, विकत घेतलं. २०२५मध्ये ही सेवा गुंडाळण्याची घोषणा झाली. एजन्सी कितीही प्रामाणिक असली तरी तिच्या पायाखालची सतरंजी अशी निघू शकते.

आता माझं मत. नुसता सोफा मांडून दाखवायचा असेल, तर या महागड्या इंजिनाची गरजच नाही. गूगलचा मॉडेल-व्ह्यूअर हा मुक्त घटक अँड्रॉइडसाठी जीएलबी आणि आयफोनसाठी यूएसडीझेड फाइल वापरून तेवढं काम चोख करतो. पैसे मोजावेत ते मॉडेल बनवणाऱ्याच्या हाताला. कापडाचा पोत दाखवणारं ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं चित्र जेपीईजी म्हणून दोन-तीन एमबीचं असेल, पण साध्या पद्धतीनं ग्राफिक्सच्या मेमरीत उलगडलं की ते ६४ एमबी जागा अडवतं. अशी चार चित्रं लावली की स्वस्तातल्या फोनचा ब्राउझर मान टाकतो. जाणता कारागीर पोत १०२४वर आणतो, शिवणीचे उंचवटे नॉर्मल मॅपमधून भासवतो आणि न दिसणारी खालची बाजू कापून टाकतो.

करारात मूळ थ्रीडी फाइल, सोर्स कोड आणि होस्टिंगचं लॉगिन आपल्या नावे लिहून घ्यावं. डेमो एजन्सीच्या वायफायवर, तिच्याच महागड्या फोनवर बघू नये. दुकानातल्या पोऱ्याचा फोन घ्यावा, मोबाइल डेटा चालू करावा आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात सोफा मांडून टेपनं लांबी ताडून पाहावी. शेवटचा हप्ता त्यानंतर.