कोठाराचे राखणदार

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली हल्ली पुणे, बेंगळुरू, हैदराबाद अशा शहरी संगणकाच्या नोकरीसाठी गेली आहेत. सणावाराला ती घरी येतात, तेव्हा आईबाप मोठ्या कौतुकाने विचारतात, "बाळा, तू तिकडे नेमके काय काम करतोस?" मुलगा चार शब्दांत काही सांगतो, त्यांपैकी 'जावा' हा एक शब्द तेवढा वडिलांच्या ध्यानात राहतो. हा जावा म्हणजे काय, आणि त्याच्या भोवती जगात कोणते एक मोठे सेवाकार्य निमूटपणे चालले आहे, हे आम्ही आज आपल्या वाचकांस सांगू इच्छितो. विषय यंत्राचा आहे खरा. परंतु त्यातली गोष्ट माणसांची आहे, आणि ती ख्रिस्ती कुटुंबांनी मन लावून ऐकावी अशी आहे.

खुले कोठार

जावा ही संगणकास आज्ञा देण्याची एक भाषा होय. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने ती १९९५ साली प्रसिद्ध केली. जेम्स गॉस्लिंग हे तिचे मुख्य शिल्पकार. आज बँकांचे व्यवहार व मोठमोठ्या कचेऱ्यांचे हिशेब ह्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलींवर चालतात. पहिली अनेक वर्षे तिचे अंतरंग कंपनीच्या कुलपात होते. नोव्हेंबर २००६ मध्ये कंपनीने ते सर्वांस खुले करण्याचे जाहीर केले, आणि २००७ साली त्याचा बहुतेक भाग खुला झाला.

लिनक्सचे तसे नव्हते. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी ही मूळ आज्ञावली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिली, आणि थोड्याच काळात ती जगास खुली करून दिली. परंतु नुसत्या पायावर घर होत नाही. लिनक्सच्या जोडीला हजारो लहानमोठ्या आज्ञावली लागतात. त्या गोळा करून, तपासून, एकमेकींशी जुळवून लोकांच्या हाती देणारी मंडळे निर्माण झाली. त्यांपैकी एक जुने मंडळ म्हणजे डेबियन. इयन मर्डॉक ह्या तरुणाने १६ ऑगस्ट १९९३ रोजी, म्हणजे स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, त्याची घोषणा केली. पुढे जी त्याची पत्नी झाली तिचे नाव डेब्रा. तिच्या व आपल्या नावांचा मेळ घालून त्याने 'डेबियन' हे नाव ठेविले. १९९३ पासून आजपर्यंत ह्या मंडळास कोणी मालक नाही. जगभरचे सुमारे एक हजार सभासद आपल्यातूनच दर वर्षी एक प्रमुख निवडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९,००० हून अधिक आज्ञावली नीट बांधून ठेवलेल्या आहेत. अशा बांधलेल्या गाठोड्यास पॅकेज म्हणतात, आणि ही सारी पॅकेजे जेथे ठेवतात त्यास आपण कोठार म्हणू.

ह्या कोठारातील जावाचा भाग स्वयंसेवकांचा एक गट सांभाळतो. शेकडो पॅकेजे त्यांच्या स्वाधीन आहेत. त्यांत विशेष महत्त्वाची आहेत ती बांधणीची अवजारे: अँट, मेव्हन व ग्रेडल. माणसाने लिहिलेले मूळ लिखाण यंत्रास चालविता येईल अशा रूपात आणावे लागते. ते काम ही अवजारे करतात. सुताराच्या हत्याऱ्यांवाचून खुर्ची होत नाही, तद्वतच ह्या अवजारांवाचून जावाची मोठी आज्ञावली उभी राहत नाही.

विरजणाचे कोडे

आता ह्या कामात कष्ट कोठे आहेत ते पाहू. मेव्हनची रीत अशी की, बांधणीच्या वेळी लागणारे सुटे भाग ते दूरच्या एका विशाल भांडारातून तयार स्थितीत मागवून घेते. काम झटपट होते. परंतु डेबियनचा नियम ह्याच्या उलट आहे. बांधणी चालू असताना बाहेरच्या जगाशी संबंध ठेवावयाचा नाही. जे लागेल ते आपल्याच कोठारातून घ्यावयाचे, आणि त्या कोठारातील प्रत्येक वस्तूही मूळ लिखाणापासून आपल्याच घरी बांधलेली असावयाची. एका आज्ञावलीस वीस भाग लागत असतील, तर ते वीसही आधी सिद्ध करावे लागतात. त्या विसांना आणखी भाग लागतात, ते त्याच्याही आधी. प्रत्येकाचा परवाना वाचावा लागतो. कोणी आत तयार बंद पेटी ठेवून दिली असेल, तर ती काढून तिच्या जागी मुळापासून बांधलेला भाग बसवावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. धर्मसभेच्या कायद्यातील कलम ९२४ सांगते की, मिस्सेसाठी वापरावयाची भाकर केवळ गव्हाची व ताजी असावी. वेदीवर काय ठेविले जात आहे हे ठाऊक असलेच पाहिजे, हा त्यातला भाव. हजारो लोक ज्या वस्तूवर डोळे मिटून विश्वास ठेवणार, ती कशाची केली आहे हे कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. डेबियनचे स्वयंसेवक आपल्या क्षेत्रापुरते हेच करतात. १९९७ साली त्यांनी समाजाशी एक करार लिहून काढला. आपल्या कामातील दोष लोकांपासून लपवून ठेवावयाचे नाहीत, हे त्यातले एक वचन आहे. त्यांच्या दोषांची यादी कोणासही पाहता येते.

ह्याहून बिकट असे एक कोडे आहे. आपल्या घरच्या आयाबहिणींस ते चटकन उमजेल. दही लावावयास विरजण लागते, आणि विरजण हे दह्याचेच असते. मग घरात दहीच नसेल, तर पहिले दही लावावे कसे? शेजारणीकडून विरजण आणता येते. परंतु मुळापासून सर्व आपल्याच घरी करण्याचे व्रत घेतले असेल तर काय? ग्रेडलची गत अशीच आहे. ग्रेडल बांधावयास ग्रेडल लागते. त्याच्या नव्या आवृत्त्यांस कॉटलिन नावाची आणखी एक भाषा लागते; त्या कॉटलिनचा अनुवादक मुख्यत्वे कॉटलिनमध्येच लिहिलेला, आणि तो बांधावयास पुन्हा ग्रेडल हवे. अशा चक्रात सापडल्यामुळे, जून २०२३ मध्ये डेबियनची बारावी आवृत्ती निघाली तेव्हा बाहेर ग्रेडलची आठवी पिढी चालू होती, आणि डेबियनच्या कोठारात मात्र डिसेंबर २०१७ मधील ४.४.१ हीच आवृत्ती होती. नियम मोडून तयार वस्तू आत घेणे सोपे होते. त्यांनी जुन्या अवजाराला ठिगळे लावून काम चालविले, परंतु व्रत मोडले नाही.

शिवाय जावा स्वतः स्वस्थ बसत नाही. २०१८ पासून तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत जावा १७ होती, तेराव्यात जावा २१ आली. प्रत्येक बदलाबरोबर काल नीट चालणारी कितीतरी पॅकेजे आज अडतात, आणि कोणाला तरी एकेक हाती घेऊन दुरुस्त करावे लागते. घराचे छप्पर दर पावसाळ्यापूर्वी शाकारावे, तसे हे काम आहे. केलेले कोणाला दिसत नाही. न केलेले मात्र पहिल्याच सरीला सर्वांस कळते.

डिसेंबर २०२१ चा प्रसंग

अशी एक सर डिसेंबर २०२१ मध्ये कोसळली. लॉगफोरजे नावाचा जावाचा एक साधासा भाग आहे. संगणकात काय काय घडले त्याची नोंद वहीत लिहून ठेवणे, एवढेच त्याचे काम. जगातील असंख्य आज्ञावलींत तो बसविलेला होता, आणि त्याची देखभाल अपाचे ह्या संस्थेतील थोडे स्वयंसेवक करीत होते. त्यात एक भयंकर दोष निघाला. दारावर बसलेल्या कारकुनाने येणाऱ्यांची नावे वहीत लिहावी, आणि कोणी लबाडाने आपले नाव म्हणून "तिजोरी उघड" असे सांगताच त्याने खरोखरच उठून तिजोरी उघडावी, तसा हा प्रकार होता. दोषाच्या गांभीर्याला दहापैकी दहा गुण देण्यात आले. अपाचेच्या स्वयंसेवकांनी त्या एकाच महिन्यात एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या.

ह्या वेळी कोठाराची शिस्त कामी आली. ज्यांनी हा भाग आपापल्या आज्ञावलीच्या पोटात दडवून ठेविला होता, त्यांना तो कोठे कोठे आहे हेच शोधीत बसावे लागले. डेबियनमध्ये तो एकाच ठिकाणी, स्वतंत्र पॅकेज म्हणून ठेवलेला होता. ते एक पॅकेज काही दिवसांतच दुरुस्त झाले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या कोठारातील इतर पॅकेजांना त्या दुरुस्तीचा लाभ मिळाला. गावाची विहीर एक असली, तर औषध एकदाच टाकून भागते. वर्षानुवर्षांचा तो किचकट खटाटोप कशासाठी होता, ह्याचे उत्तर त्या आठवड्यात मिळाले.

अनाथ आणि पालक

आता गोष्टीतील दुःखाचा भाग. ह्या मंडळांत एक शब्द रूढ आहे, तो ऐकून आम्हांस चटका बसला. ज्या पॅकेजाची काळजी घेणारा कोणी उरत नाही, त्यास ते 'अनाथ' म्हणतात. आणि जो कोणी ते आपणहून स्वीकारतो, त्याने ते 'दत्तक' घेतले असे म्हणतात. एखादा स्वयंसेवक आजारी पडतो, कोणाला मूल होते, कोणाची नोकरी बदलते, कोणी केवळ थकून जातो. पॅकेज अनाथ होते.

फेडोरा ह्या दुसऱ्या एका लिनक्स मंडळात २०१९ साली असेच घडले. मेव्हन व अँट ही अवजारे कोठाराच्या एका निराळ्या विभागात हलविण्यात आली, आणि मूळ विभागातील जावाची अनेक पॅकेजे अनाथ झाली. तेथील नियमाप्रमाणे सहा आठवड्यांत पालक मिळाला नाही, तर पॅकेज कोठारातून काढून टाकतात. एक गेले की त्यावर विसंबलेले दुसरे जाते, दुसऱ्यामागून तिसरे. तेव्हा काही थोडे लोक पुढे झाले. त्यांतील बहुतेक पॅकेजे त्यांची स्वतःची नव्हती. तरीही त्यांनी ती पदरात घेतली, आणि आपल्या गटास 'कारभारी' ह्या अर्थाचे नाव दिले. मालकाची वस्तू मालक येईपर्यंत नीट राखणाऱ्या कारभाऱ्याचा दृष्टांत प्रभूने सांगितला आहे. त्यांतील कोणाच्या मनात तो होता की नाही, देव जाणे. आचरण मात्र त्याला शोभणारेच होते. पुढे काही काळाने मेव्हन मूळ विभागात परत आले.

येथे एक शंका आमचे वाचक अवश्य घेतील: पोटाला चिमटा घेऊन फुकट काम करणे हे शहाणपणाचे आहे काय? शंका रास्त आहे. ह्या कामातील सर्वच जण विनावेतन नसतात; काहींना त्यांच्या कंपन्या ह्याच कामाचा पगार देतात. परंतु पुष्कळ जण दिवसाची नोकरी सांभाळून, रात्री मुले निजल्यावर हे काम करतात. ती त्यांची खुशीची सेवा आहे, आणि खुशीच्या सेवेस आम्ही वंदन करतो. तथापि त्यांच्या श्रमावर कोट्यवधींचा व्यापार उभारणाऱ्या कंपन्यांचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' ह्या परिपत्रकातून श्रमिकाच्या न्याय्य वेतनाचा हक्क स्पष्ट केला. एकाचा त्याग ही दुसऱ्याच्या कंजूषपणाला सबब होऊ शकत नाही.

आपल्यासाठी

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद केरळात कोची येथे भरली होती. म्हणजे हे कार्य काही सातासमुद्रापलीकडेच राहिलेले नाही. डेबियन संगणकावर बसविण्याच्या आज्ञावलीचे मराठी भाषांतरही स्वयंसेवकांनीच केले आहे. आपल्या ज्या मुलांमुलींच्या हाती हे ज्ञान आहे, त्यांनी एखादे अनाथ पॅकेज दत्तक घेण्याचा विचार करावा. नवख्याचे काम तेथे आधी एखादा जुना सभासद तपासतो व आपल्या जबाबदारीवर आत घेतो. दृढीकरणाच्या वेळी उमेदवारापाशी जसा कोणी जामीन उभा राहतो, तसाच. तेव्हा भिण्याचे कारण नाही.

ज्यांना संगणक ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही ह्यात बोध आहे. आपल्या धर्मग्रामात कोणते काम आज एकाच माणसाच्या खांद्यावर आहे, ह्याचा प्रत्येक कुटुंबाने विचार करावा. वेदीची वस्त्रे कोण धुते? प्रार्थनेची घंटा कोण वाजविते? दफनभूमीतले गवत कोण काढते? आजाऱ्याच्या घरची बातमी धर्मगुरूंच्या कानी कोण घालते? बहुधा एखादी वृद्ध बाई किंवा एखादा अबोल गृहस्थ हे सारे करीत असतो, आणि तो अंथरुणाला खिळेपर्यंत आपण त्याचे नावही घेत नाही. मग एका रविवारी ते काम अनाथ होते.

नाझरेथच्या कार्यशाळेत संत योसेफाने किती खुर्च्या, किती नांगर केले, ह्याची नोंद कोठेही नाही. पोप बारावे पायस ह्यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून धर्मसभेस दिला, तो अशा नोंद नसलेल्या श्रमांच्या गौरवासाठीच होय. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर घाईने घरी न जाता, आपल्या येथील अशा एका राखणदारापाशी जावे, त्याचे आभार मानावे, आणि त्याच्या हातातले अर्धे काम आपल्या हाती मागून घ्यावे. आभार एका दिवसाचे असतात; वाटून घेतलेले काम मात्र पुढच्या पिढीपर्यंत टिकते. अशा सर्व सेवकांवर प्रभूची कृपादृष्टी राहो.