रस्त्यावरचा टॉवेल आणि कोर्टातला टॉवेल

१९५९ सालचा पावसाळा सरता सरता मुंबईच्या फूटपाथवर दोन नव्या वस्तू विकायला आल्या. एक ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ नावाचे खेळणे आणि दुसरा ‘अहुजा टॉवेल’. त्या दिवसांच्या हकिकतींत या दोन वस्तूंचा उल्लेख हमखास येतो. एका खुनाच्या खटल्याने शहराला किती झपाटले होते, याचा दाखला म्हणून तो दिला जातो आणि वाचणारा हसून पुढे जातो. पण हाच टॉवेल कोर्टातही होता. तिथे तो थट्टेचा विषय नव्हता, आरोपीच्या विरुद्ध जाणारा एक महत्त्वाचा पुरावा होता. एकच वस्तू रस्त्यावर आणि कोर्टात इतकी वेगळी का ठरली, हे समजून घेतले तर खटला ‘बारकाईने पाहणारी’ जनता नेमके काय पाहत असते, याचा थोडा उलगडा होतो.

मी वकील नाही. पण निकालपत्रे वाचायला सनद लागत नाही, फक्त सवड आणि चिकाटी लागते. नानावटी खटल्यावर चित्रपट निघाले, कादंबऱ्या झाल्या, नाटक झाले. सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र मात्र त्या मानाने फार थोड्यांनी वाचले असावे.

काय घडले

कमांडर कावस माणेकशा नानावटी हे नौदलाच्या ‘आयएनएस मैसूर’ या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. १९४९ साली इंग्लंडमध्ये त्यांनी सिल्व्हिया या इंग्रज तरुणीशी लग्न केले. त्यांना तीन मुले. नानावटी महिनोन्‌महिने समुद्रावर असत. त्या काळात मोटारींचे व्यापारी प्रेम अहुजा यांच्याशी सिल्व्हियाचे संबंध जुळले. १८ एप्रिल १९५९ रोजी नानावटी मुंबईला परतले. २७ एप्रिलला दुपारी, पतीने विचारल्यावर, सिल्व्हियाने ते संबंध कबूल केले.

त्यानंतरचा घटनाक्रम नीट पाहायला हवा, कारण पुढे सगळा कायदा त्यावरच तोलला गेला. नानावटींनी पत्नीला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका मुलाला मोटारीतून मेट्रो सिनेमाला सोडले आणि सहा वाजता खेळ सुटल्यावर न्यायला येतो असे सांगितले. मग ते जहाजावर गेले. रात्री मोटारीने एकट्याला अहमदनगरला जायचे आहे, असे खोटे कारण देऊन त्यांनी जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. तिथून ते अहुजांच्या कचेरीत गेले. अहुजा तिथे नव्हते, म्हणून ते त्यांच्या फ्लॅटवर पोचले. अहुजा नुकतेच आंघोळ करून आले होते आणि त्यांच्या कमरेला टॉवेल होता. दुपारी चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला त्या शयनगृहात गोळ्या सुटल्या आणि अहुजा मरण पावले. नानावटी खाली उतरले आणि पुढे स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले.

शहर काय पाहत होते

खुनाचा खटला गर्दीने पाहण्याची मुंबईला ही पहिलीच वेळ नव्हती. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. मुमताज बेगमला पळवून नेण्याच्या त्या प्रयत्नाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले आणि पुढच्याच वर्षी महाराजा तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. तेव्हाही वर्तमानपत्रांचा खप वाढला होता. पण बावला खटल्यात लोकांचे कुतूहल होते. नानावटी खटल्यात लोकांनी बाजू घेतली.

२३ सप्टेंबर १९५९ रोजी सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांच्यासमोर, नऊ जणांच्या ज्यूरीपुढे खटला सुरू झाला. कोर्टाबाहेर गर्दी जमू लागली. नानावटी नौदलाच्या पांढऱ्या गणवेशात, छातीवर पदके लावून येत. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उघडपणे त्यांची बाजू उचलून धरली. पंचवीस नव्या पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे सांगतात. कर्तव्यनिष्ठ अधिकारी देशासाठी समुद्रावर, आणि त्याच्यामागे पैसेवाला, रंगेल माणूस त्याचे घर मोडतो, अशी ती कथा होती. ती सांगायला सोपी होती आणि ऐकणाऱ्याला पटणारीही. नानावटी पारशी आणि अहुजा सिंधी, त्यामुळे दोन समाजांच्या अस्मितेचा पदरही तिला जोडला गेला. कावसजी जहांगीर हॉलमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या वास्तूत, नानावटींच्या पाठिंब्यासाठी पारशी समाजाची मोठी सभा भरली.

या सगळ्या चर्चेचा मुख्य प्रश्न एकच होता: ‘त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?’

प्रश्न माणुसकीचा आहे, त्यात गैर काही नाही. अडचण एवढीच, की कोर्टापुढे तो प्रश्न नव्हताच.

आरोपीने काय सांगितले

इथे या खटल्यातली सर्वांत विलक्षण आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट येते. पत्नीच्या अब्रूसाठी नानावटींनी अहुजांना गोळ्या घातल्या म्हणून शहर त्यांचा जयजयकार करत होते. स्वतः नानावटी कोर्टात सांगत होते, की मी अहुजांना हेतुपुरस्सर गोळ्या घातल्याच नाहीत.

त्यांच्या बचावाचे सार असे: सिल्व्हियाशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार का, हे विचारायला मी गेलो. अहुजांनी उर्मट उत्तर दिले. रिव्हॉल्व्हर असलेले पाकीट मी बाजूला ठेवले होते, त्यावर अहुजांनी झडप घातली. झटापट झाली आणि तिच्यात गोळ्या सुटल्या. कायद्याच्या भाषेत हा अपघाताचा बचाव, भारतीय दंड संहितेच्या कलम ८० खालचा.

म्हणजे जनतेने ज्या कृत्याबद्दल माफी दिली, ते कृत्य आरोपी नाकारत होता. आरोपी जे सांगत होता, त्याची जनतेला फिकीर नव्हती. खटला इतक्या उत्सुकतेने ‘पाहणाऱ्या’ शहराला ही विसंगती खुपलेली दिसत नाही.

आता टॉवेलकडे वळू. झटापट झाली असेल तर कमरेला नुसता गुंडाळलेला टॉवेल सुटायला हवा, निदान सैल पडायला हवा. अहुजांच्या मृतदेहावर तो जागच्या जागी होता. जखमांचे स्वरूप, गोळ्यांची संख्या, घटनेला लागलेला अत्यल्प वेळ आणि खाली आल्यावर इमारतीच्या पहारेकऱ्यापाशी नानावटींनी काढलेले उद्गार या सगळ्यांबरोबर न्यायालयांनी या टॉवेलचाही विचार केला. ‘अहुजा टॉवेल’ विकत घेणाऱ्याच्या लेखी तो रंगेलपणाची खूण होता. कोर्टाच्या लेखी तो झटापट न झाल्याची खूण होता. टॉवेल पाहिला दोघांनीही, पण त्याला प्रश्न वेगवेगळे विचारले.

आठ विरुद्ध एक

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. हा निकाल नेमका कशाचा होता, हे समजून घेणे आवश्यक आहे.

‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभा’मुळे त्यांना सोडले, असा समज सर्वत्र आढळतो. पण प्रक्षोभ सिद्ध झाला तरी माणूस सुटत नाही. खुनाचा गुन्हा फक्त एक पायरी खाली येतो आणि तेव्हाच्या कलम ३०४ खालचा सदोष मनुष्यवध उरतो. त्यालाही जबर शिक्षा आहे. ज्यूरीने तर कलम ३०२ आणि ३०४ या दोन्हींखाली नानावटी निर्दोष असल्याचे सांगितले. कायद्याच्या हिशेबात या उत्तराचा अर्थ एकच होऊ शकतो: झाला तो अपघात. आठ जणांना खरोखर तो अपघात वाटला, की मनातली सहानुभूती त्यांनी ‘निर्दोष’ या शब्दात बसवली, हे आज सांगता येणार नाही. ज्यूरीला आपल्या निर्णयाची कारणे द्यावी लागत नसत.

न्यायाधीशांना कारणे द्यावी लागतात. न्या. मेहतांना ज्यूरीचा निर्णय पुराव्याशी पूर्णपणे विसंगत वाटला. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे न्या. शेलत आणि न्या. नाईक यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि ११ मार्च १९६० रोजी नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी, सर्वोच्च न्यायालयात अपील होईपर्यंत शिक्षा तहकूब ठेवण्याचा आदेश काढला आणि नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिले. हा आदेशही वादात सापडला. प्रकरण न्यायालयासमोर असताना राज्यपालांना शिक्षा अशी तहकूब ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने ठरवले. मधल्या काळात महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यामुळे कायद्याच्या ग्रंथांत एक निकाल ‘विरुद्ध मुंबई राज्य’ आणि दुसरा ‘विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा सापडतो.

तो दुसरा निकाल २४ नोव्हेंबर १९६१ चा, न्या. सुब्बा राव यांनी लिहिलेला. त्यातले दोन मुद्दे सामान्य वाचकानेही समजून घ्यावेत असे आहेत. पहिला, सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावून सांगताना केलेल्या चुका. गोळी आरोपीच्या हातून सुटली हे दिसत असताना अपघाताचा अपवाद मागणाऱ्या आरोपीवर तो दाखवून देण्याची जबाबदारी येते. ही गोष्ट ज्यूरीला नीट सांगितलीच गेली नव्हती. म्हणजे दोष एकट्या ज्यूरीचा नव्हता. त्यांच्या हाती दिलेला तराजूच सदोष होता.

दुसरा मुद्दा प्रक्षोभाचा. पर्यायी बचाव म्हणून तो मांडला गेला होता. पत्नीची कबुली ऐकून प्रक्षोभ होऊ शकतो, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण दीड वाजता घर सोडले आणि चार वीसला गोळ्या सुटल्या. मधल्या वेळात माणसाने मुलांना सिनेमाला पोचवले, परत न्यायची वेळ ठरवली, खोटे कारण देऊन शस्त्र मिळवले आणि दोन ठिकाणी शोध घेतला. स्वतःवर ताबा मिळवायला जवळजवळ तीन तास पुरेसे होते, असे न्यायालयाने म्हटले. संताप खरा होता, पण कायद्यातला ‘आकस्मिक’ हा शब्द त्याला लागू होत नव्हता. जन्मठेप कायम झाली.

एक दंतकथा आणि काही विसरलेली माणसे

या खटल्यामुळे भारतातली ज्यूरी पद्धत बंद झाली, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ सालीच, म्हणजे अहुजांच्या खुनाच्या आधी, ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती. काही राज्यांत ज्यूरी नानावटींनंतरही चालू राहिली. फौजदारी खटल्यांतून ती पूर्णपणे गेली ती १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. पारशी विवाह कायद्याच्या खटल्यांत तर तिचा एक अवशेष अजून टिकून आहे. दंतकथा टिकली, कारण ‘लोक भावनेच्या भरात वाहून गेले आणि लोकांचा अधिकार गेला’ ही गोष्टही सांगायला सोपी आहे.

सोप्या गोष्टींतून माणसे गळतात. प्रेम अहुजा आपली बाजू सांगायला उरले नव्हते आणि खटला चालू असताना त्यांच्या चारित्र्याचा निवाडा बाहेर रोज होत होता. भावासाठी उभी राहिलेली मेमी अहुजा, जिच्या वतीने तरुण राम जेठमलानी खटल्यावर लक्ष ठेवून होते, ती लोकांच्या कथेत जवळजवळ नाहीच. सिल्व्हियाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून आपले खासगी आयुष्य अनोळखी लोकांपुढे मांडावे लागले. आणि ज्यूरीतला तो नववा माणूस! सगळे शहर एका बाजूला असताना त्याने बंद खोलीत आठ जणांना नाही म्हटले. ‘जनतेचा कौल’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला जनतेत मोजत नाही.

शिक्षेचा शेवटही न्यायालयात झाला नाही. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली. मेमी अहुजाने हरकत नसल्याचे लेखी दिल्यावर हे जमले, असे जेठमलानी पुढे सांगत. नानावटी कुटुंब १९६८ मध्ये कॅनडाला गेले आणि २००३ साली कावस नानावटी तिथे वारले.

माफीला मी चूक म्हणणार नाही. दया दाखवण्याचा अधिकार राज्यघटनेनेच दिला आहे आणि तो वापरण्याची जागाही ठरवून दिली आहे: आधी दोष ठरतो, मग दया येते. मुंबईने १९५९ साली हा क्रम उलटा केला. आधी दया आली आणि तिच्यासाठी पुरावा बाजूला सारला गेला.

पुन्हा पुन्हा चालणारा खटला

नंतर हा खटला रंगमंचावर आणि पडद्यावर चालत राहिला. १९६३ चा ‘ये रास्ते हैं प्यार के’, १९७३ चा ‘अचानक’, २०१६ चा ‘रुस्तम’. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’. कलावंताला बदल करण्याची मुभा असतेच. पण आपल्यापैकी बहुतेकांना हा खटला ‘माहीत’ आहे तो या वाटेने, आणि त्या वाटेवर अहमदनगरचे खोटे कारण किंवा न सुटलेला टॉवेल लक्षात राहत नाही.

आज ‘ब्लिट्झ’ नाही, पण संध्याकाळी सातपासून दहापर्यंत घरोघर ज्यूरी बसते. १९९७ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वर्तमानपत्रांतून किंवा जनआंदोलनातून चालणारा खटला हा कायद्याच्या राज्याच्या विरुद्ध असल्याचे बजावले होते. त्यानंतर वाहिन्या वाढल्या.

म्हणून लोकांनी खटले पाहू नयेत, असे मात्र मला म्हणायचे नाही. कोर्टाचे दार उघडे असते ते लोकांनी आत येऊन पाहावे म्हणूनच. बंद दाराआडचा न्याय अधिक भयंकर. पाहणाऱ्याने फक्त स्वतःला तीन साधे प्रश्न विचारावेत. आरोपी स्वतः काय म्हणतो आहे? ते खरे असेल तर कोणती वस्तू कुठे आणि कशी सापडायला हवी होती? आणि या गोष्टीत कोणाला बोलायची संधीच मिळालेली नाही? १९५९ साली हे प्रश्न विचारायला कायद्याचे शिक्षण लागत नव्हते. दोन रुपये देऊन अंक विकत घेणाऱ्यालाही ते विचारता आले असते.