सगळे विहिरीत उडी मारतील तेव्हा

"सगळेच जाणार आहेत." नववी-दहावीतील मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडून हे वाक्य न ऐकलेले घर गोव्यात विरळाच. कधी ते नरकासुराच्या रात्रीसाठी असते, कधी पावसाळ्यात धबधब्यावर जाण्यासाठी, तर कधी वर्गमित्राच्या वाढदिवसासाठी. त्यावर घरातून मिळणारे उत्तरही पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे : "उद्या सगळ्यांनी विहिरीत उडी मारली, तर तूही मारणार का?"

हा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारला जात नाही. परंतु गोव्यात त्याला खरेखुरे उत्तर आहे. दरवर्षी २४ जूनला, सांजावच्या दिवशी, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून वाड्यावरची मुले एकामागोमाग एक विहिरीत उड्या मारतात. जुन्या रीतीच्या सांजावात काठावर घरची, शेजारची थोरली माणसे उभी असतात. विहीर ओळखीची असते आणि ज्याला पोहता येत नाही तो काठावरूनच हुर्यो घालतो. त्याला कोणी भित्रा ठरवत नाही. तीच मुले, तोच उत्साह, पण काठावर कोणी जाणते नसेल आणि मागे राहणाऱ्याची टिंगल होत असेल, तर त्याच उडीचा अर्थ बदलतो. किशोरवयातील समवयस्कांचा दबाव समजून घेण्यास हा फरक पुरेसा बोलका आहे. या वयाची मुले घोळक्याबरोबर जाणारच. काठावर कोण उभे आहे आणि मागे राहण्याची मुभा आहे की नाही, हे पाहणे मोठ्यांच्या हाती असते.

धोका ठाऊक असतो, तरीही

मुलांना धोका कळत नाही म्हणून ती चुकतात, असा सर्वसाधारण समज आहे. संशोधन मात्र वेगळे सांगते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांवरील अशा तीन गटांना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला होता. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की आणखी थोडे पुढे जायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. एकटे खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी बसल्यावर मात्र सर्वांत लहान गटातील मुलांनी पत्करलेला धोका सुमारे दुपटीने वाढला. प्रौढांच्या वागण्यात तसा बदल झाला नाही.

पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, अशाच खेळाच्या वेळी मेंदूतील हालचालींची नोंद घेण्यात आली. मित्र दुसऱ्या खोलीतून आपल्याला पाहत आहेत एवढे ठाऊक असतानाही, बक्षिसाच्या आनंदाशी निगडित असलेला मेंदूचा भाग किशोरांमध्ये अधिक उत्तेजित झालेला आढळला. आवरणारी, तोलून पाहणारी यंत्रणा मेंदूच्या पुढल्या भागात असते आणि ती पूर्ण परिपक्व होण्यास पंचविशीच्या आसपासचा काळ यावा लागतो. म्हणजेच घरी आईसमोर शहाणपणाने बोलणारा मुलगा खोटे बोलत नसतो. त्या क्षणी त्याचे तेच मत असते. चार मित्रांच्या देखत मात्र त्याच धोक्याच्या बदल्यात मिळणारी वाहवा त्याला कितीतरी मोठी वाटू लागते.

मित्रांच्या आग्रहापुढे मान तुकवण्याची वृत्ती साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षी सर्वाधिक असते आणि चौदा ते अठरा या वर्षांत ती झुगारण्याची ताकद हळूहळू वाढते, असेही अभ्यास सांगतात. गोव्यातील शाळांच्या हिशेबाने ही वर्षे आठवी-नववीपासून बारावीपर्यंतची होत.

आग्रह कमी, शांतता जास्त

दबाव म्हटला की हातात सिगारेट कोंबणारा एखादा वाया गेलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात कोणी काही कोंबत नाही. सगळे हसतात म्हणून हसायचे, वर्गातील एका मुलीच्या छायाचित्रावर सगळ्यांनी शेरा टाकला म्हणून आपणही टाकायचा, सगळे स्कूटरवर बसले म्हणून तिसरा म्हणून आपणही बसायचे, असे ते चालते.

गोव्यातील मराठी घरांत याचा आणखी एक पदर आहे. मराठी किंवा कोकणी माध्यमातून चौथी झालेले मूल बहुधा पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जाते. नवा वर्ग, नवी भाषा आणि उच्चार चुकला की मागच्या बाकावरून येणारे हसू. अशा मुलाला वर्गात जागा मिळवण्याची घाई इतरांपेक्षा अधिक असते. अभ्यासात ती मिळाली नाही, तर धाडसात, खर्चात किंवा टवाळीत मिळवण्याचा मोह होतो. आईचा डबा न नेणे, मित्रांसमोर मराठीत उत्तर न देणे, वडिलांनी शाळेच्या फाटकापर्यंत न येणे, हीदेखील दबावाचीच सौम्य रूपे होत. ती दुखावणारी असली, तरी उद्धटपणा म्हणून निकालात काढण्याजोगी नाहीत.

एक सोबती पुरतो

या विषयावरील सर्वांत उपयुक्त गोष्ट मात्र जुन्या प्रयोगातून हाती आली आहे. सॉलोमन ॲश यांनी १९५१च्या सुमारास महाविद्यालयीन तरुणांना केवळ रेषांची लांबी ओळखायला सांगितली. खोलीतील इतर सर्व जण आधीच पढवून ठेवलेले होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश वेळा त्या तरुणाने घोळक्याचे चुकीचे उत्तर स्वीकारले. पण खोलीत आणखी एकाच व्यक्तीने खरे उत्तर दिले की अशा चुकांचे प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशावर आले.

पालकांना आणि शिक्षकांना यातून मिळणारा धडा मोठा आहे. मुलाला संपूर्ण गटाविरुद्ध उभे राहण्याचे शौर्य शिकवण्याची गरज नाही. त्याच्यासारखाच विचार करणारा एक मित्र जवळ असला की पुष्कळ काम होते. म्हणून 'तुझे मित्रच वाईट' असे सरसकट म्हणणे घातक ठरते. त्या चारांपैकी ज्याच्याबरोबर मूल मोकळे असते, त्याला घरी बोलावणे, जेवायला थांबवणे, त्याच्या आईवडिलांशी ओळख ठेवणे, हा अधिक खात्रीचा उपाय होय.

नरकासुराची रात्र

दिवाळीच्या आदल्या रात्रीचे उदाहरण घेतले, तर या साऱ्या गोष्टी एकत्र दिसतात. वाड्यावाड्यांवर मुले आठवडाभर खपून गवत, कागद आणि सांगाड्यांतून नरकासुर उभे करतात. वर्गणी गोळा करणे, मुखवटा रंगवणे, रात्रभर जागून पहाटे दहन करणे यांत कल्पकता आहे आणि एकमेकांसाठी राबण्याची सवयही आहे. समवयस्कांचा ओढा चांगल्या कामी कसा लागतो याचे ते उत्तम दर्शन ठरावे. घुमट आरतीच्या पथकात किंवा फुटबॉलच्या चमूत मुले ज्या ओढीने तासन् तास सराव करतात, ती ओढही हीच.

मात्र तीच रात्र मोकळ्या रस्त्यांची, कर्णकर्कश संगीताची आणि दुसऱ्या गावचे नरकासुर पाहण्यासाठी निघालेल्या दुचाक्यांचीही असते. पंधरा वर्षांच्या मुलाला 'चल, दहा मिनिटांत येऊ' म्हणणाऱ्या मित्राला नकार देण्यास त्या वेळी जी दोन-तीन क्षणांची सवड मिळते, तेवढ्यात सगळा निकाल लागतो.

कायदा या बाबतीत कडक आहे आणि तो मुलांपेक्षा मोठ्यांना अधिक बांधतो. १८ वर्षांखालील मुलाला नेहमीची स्कूटर वा मोटारसायकल चालवता येत नाही; १६व्या वर्षी मिळणारी सवलत केवळ ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या वाहनापुरती आहे आणि आज घरोघरी असलेल्या स्कूटरी त्याहून मोठ्या असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. बालकाला मद्य, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायदा २०१५ नुसार ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मित्राच्या थोरल्या भावाने गंमत म्हणून पुढे केलेला पेलाही यातून सुटत नाही.

नकाराचे शब्द आधी हवेत

'नाही म्हणायला शीक' हा उपदेश मुलांनी शेकडो वेळा ऐकलेला असतो. कोणत्या शब्दांत म्हणायचे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. नकार छोटा, साधा आणि मैत्री न तोडणारा असावा लागतो. "नको रे, उद्या सकाळी मॅच आहे." "तुम्ही व्हा पुढे, मी इथेच थांबतो." "घरी कळले तर मोबाइल जाईल माझा." अशी वाक्ये जेवताना हसतखेळत म्हणून पाहिलेली असली की वेळेवर तोंडी येतात.

यांतील तिसरे वाक्य विशेष महत्त्वाचे. आईवडिलांच्या कडकपणाची ढाल करून मुलाला मित्रांत मान राखता येत असेल, तर पालकांनी ते वाईटपण आनंदाने आपल्याकडे घ्यावे. काही घरांत त्यासाठी खूण ठरलेली असते. मुलाने ठरलेला एखादा निरुपद्रवी संदेश पाठवला की पालक लगेच फोन करून त्याला दरडावून घरी बोलावतात. मित्रांना वाटते, याचे वडील फार खडूस आहेत. मूल सुखरूप घरी येते.

याला जोडूनच आणखी एक वचन द्यावे लागते : कितीही वाजता, कुठूनही फोन आला तरी न्यायला येऊ आणि त्या रात्री जाब विचारणार नाही. बोलणे दुसऱ्या दिवशी, न्याहारीनंतर. ज्या मुलाला घरच्या रागाची भीती रस्त्यावरील धोक्याहून मोठी वाटते, ते मूल फोन करत नाही आणि दारू प्यायलेल्या मित्राच्या मागे बसून येते.

शाळेचा वाटा

शाळेला हे प्रश्न घराच्या आधी दिसतात. मधल्या सुट्टीत एकटे बसणारे मूल, अचानक बदललेला गट, कारण नसताना वाढलेली गैरहजेरी, घटलेले गुण, पैशांची वारंवार मागणी, मोबाइल वाजताच उतरणारा चेहरा यांची दखल वर्गशिक्षक घेऊ शकतो. अशा मुलाला सर्वांसमोर उभे करून विचारणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच गटाच्या स्वाधीन करणे होय. बाजूला घेऊन, दुसऱ्या निमित्ताने केलेली विचारपूस फळते.

गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून शाळांना समुपदेशक मिळतात. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे काहीतरी बिघडले असणे, हा समज पालकांनीच आधी सोडायला हवा. १९९६ साली गोव्यातच सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने किशोरांच्या मानसिक आरोग्यावर दीर्घकाळ काम केले आहे. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, छायाचित्रांवरून धमकावले जात असेल किंवा व्यसनाच्या फेऱ्यात असेल, तर वाट न पाहता मदत घ्यावी.

'सगळे' म्हणजे किती?

या विषयात एक अवघड सत्य राहून जाते. दबाव केवळ मुलांवर नसतो. 'वर्गातल्या सगळ्यांकडे आहे' म्हणून सातवीत मोबाइल घेऊन देणारे, 'सगळ्यांनीच दिली' म्हणून अकरावीत परवान्याविना स्कूटरची किल्ली देणारे आईवडील त्याच वाक्यापुढे मान तुकवत असतात. आपण एकटे कडक ठरू, मूल एकटे पडेल, ही भीती त्यांनाही असते.

म्हणून पालक-शिक्षक संघाच्या पुढील बैठकीत एकच गोष्ट ठरवून पाहण्याजोगी आहे. एका वर्गाच्या आठ-दहा पालकांनी मिळून परवान्याशिवाय गाडी नाही, नरकासुराच्या रात्री वाड्याबाहेर न जाणे आणि प्रत्येक गटासोबत आळीपाळीने एक वडीलधारी व्यक्ती, एवढे तीन नियम मान्य करावेत. मग 'सगळ्यांच्या घरी चालते' हे वाक्य त्या वर्गापुरते खरे राहत नाही. प्रयोगातील तरुणाला जसा एक सोबती पुरला, तसा पालकांनाही पुरतो.

सांजावच्या विहिरीवर काठाशी उभे राहणारे हात उडी रोखण्यासाठी नसतात. वर येणाऱ्याला ओढून घेण्यासाठी आणि न उडी मारणाऱ्याला सोबत देण्यासाठी ते असतात. हायस्कुलातील मुलांना वर्षभर, रोजच्या रोज, असेच हात लागतात.