व्हॅक्युम पंपाने वाइन ओढायची? पैसे घालण्याआधी हे वाचा



करवंदं संपत आली, जांभूळ भरायला लागलंय. अशा वेळी आपल्या चार-पाच सभासदांनी मला एकाच प्रकारचा व्हिडिओ पाठवला. परदेशात कोणीतरी घरात छोटा पंप लावतो आणि एका बाटलीतली वाइन आपोआप दुसऱ्या बाटलीत जाते. खाली सगळ्यांचा प्रश्न तोच: "मॅडम, जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरवर हे जमेल का? जांभळाची करून बघू?"

एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सविस्तर लिहिते. मेसेज लांब आहे. चहा घेत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. यात हात कापण्याचा धोका आहे आणि केस होण्याचाही आहे.

*आधी थोडक्यात*
१) वाइन बनवायला परवाना लागतो. घरी, स्वतःपुरती केली तरी लागतो.
२) पंप मात्र कामाचा आहे. जांभूळ-करवंदाच्या रसासाठी वापरता येतो.
३) प्लास्टिकचा कॅन, काचेची बरणी आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर, हे तिन्ही नकोत.
४) दिवसाला शंभर लिटरच्या आत काम असेल तर पंप लागतच नाही. साधी नळी पुरते.

आता प्रत्येकाचं कारण बघू.

*पंप रस ओढत नाही, हवा ढकलते*

विहिरीवरची मोटर तुम्हाला माहीतच आहे. पाणी २५ फुटांच्या खाली गेलं की वर बसवलेली मोटर पाणी उचलत नाही. मग आपण मोटर खाली उतरवतो. असं का होतं? मोटर पाणी ओढत नाही. ती पाइपातली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो असतो. त्याची ताकद जास्तीत जास्त ३४ फुटांची. पाइपातलं घर्षण आणि गळती धरली की प्रत्यक्षात २५ फूट मिळतात.

व्हॅक्युम पंपाचं तसंच आहे. फरक एवढाच की यात रस पंपातून जातच नाही. पंप रिकाम्या भांड्यातली हवा काढतो. ते भांडं नळीने रसाच्या ड्रमला जोडलेलं असतं. भांड्यात दाब कमी झाला की बाहेरची हवा ड्रममधला रस नळीतून भांड्यात ढकलते.

पंपावर काट्याचं गेज असतं, त्यावर ० ते ३० इंच लिहिलेलं असतं. काटा एक इंच सरकला की रस साधारण फूटभर वर चढतो. म्हणजे जमिनीवरच्या ड्रममधून टेबलावरच्या भांड्यात रस न्यायला ४-५ इंच पुरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*वाइनवाले हा पंप का वापरतात*

रस आंबून झाला की मेलेलं यीस्ट आणि गर तळाशी बसतो. वरची स्वच्छ वाइन गाळ न हलवता दुसऱ्या भांड्यात घ्यावी लागते. ड्रम उचलून ओतला तर गाळ ढवळतो. त्याहून वाईट म्हणजे वाइनमध्ये हवा मिसळते. हवा लागली की वाइनचा रंग तपकिरी पडतो आणि पुढे तिचा सिरका होतो. सिरका करणाऱ्या जिवाणूला हवा लागतेच. ज्या भांड्यात वाइन जाते त्यातली हवा पंपाने आधीच कमी केलेली असते, हा एक फायदा.

दुसरा फायदा गॅसचा. आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वाइनमध्ये मुरून राहतो, तो व्हॅक्युममध्ये बुडबुड्यांनी बाहेर येतो. तिसरा फायदा गाळणीचा. बारीक फिल्टरमधून वाइन ओढून घेता येते.

यात एक अडचणही आहे. नळीच्या जोडाला टाचणीएवढं छिद्र असलं तरी तिथून हवा आत खेचली जाते आणि बुडबुड्यांनी रसात मिसळते. हवा टाळायला पंप लावला आणि हवाच मिसळली, असं होतं. शिवाय व्हॅक्युम जास्त ठेवला तर वासही उडून जातो.

*कायदा काय म्हणतो*

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आपल्याला लागू आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्याच्या कलम ६५ खाली गुन्हा आहे. वाइन त्यात येते. "विकणार नाही, घरच्यांसाठीच करतोय" हे कारण चालत नाही. "फळाचीच तर आहे" हेही चालत नाही.

याचा अर्थ फळाची वाइन होऊच शकत नाही असा नाही. नाशिक आणि नारायणगावची द्राक्ष वाइन सगळ्यांना माहीत आहे. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ साली आलं. पालघर जिल्ह्यात बोर्डीला हिल झिल वाइन्स चिकूपासून 'फ्रुझांते' बनवते. हे सगळं राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेऊन चालतं. कोणाला खरंच या धंद्यात उतरायचं असेल तर गट करून आधी त्या खात्यात जाऊ, मी सोबत येईन. पंप सगळ्यात शेवटी घ्यायचा.

सिरक्याबद्दलही विचारणा झाली. सिरका होताना आधी अल्कोहोल तयार होतं, मग त्याचं आम्ल होतं. म्हणून तोही खात्याला विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि व्हॅक्युममध्ये द्रव कमी तापमानाला उकळतो म्हणून कोणाच्या डोक्यात वाफ थंड करून धरायचा विचार आला असेल, तर ती हातभट्टीच झाली. तो विषय इथेच संपला.

*मग आपल्या कामाचं काय?*

जांभूळ तोडल्यावर बाहेर जेमतेम दोन दिवस टिकतं. आपल्यापासून तीन स्टेशनांवर बदलापूर आहे, तिथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. आपण मात्र पाऊस लागला की पाट्याच्या पाट्या झाडाखाली सोडून देतो. नुकसान तिथे होतंय. ते फळ सरबत-सिरपमध्ये वाचवता येतं आणि तिथे वाइनवाल्यांची गाळ न हलवण्याची युक्ती उपयोगी पडते.

क्रम असा ठेवा:
▪️ धुतलेली फळं कुस्करून ६०-७० अंशांपर्यंत गरम करा, फडक्यातून गाळा.
▪️ रस झाकून लगेच थंड करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गाळ तळाशी बसतो. बाहेर ठेवू नका. आपल्याकडच्या उकाड्यात रस एक-दोन दिवसांत आपोआप आंबायला लागतो. मग चव जाते, बाटल्या फुटतात आणि कायद्याचा प्रश्न वेगळाच.
▪️ सकाळी वरचा स्वच्छ रस काढून घ्या. *नळी किंवा पंपाचं काम एवढंच.*
▪️ मग साखर घालून गरम करा आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरमच भरा.
▪️ टिकवण्यासाठी सोडियम बेन्झोएट ठरलेल्या मापातच वापरा. जांभूळ, करवंद, कोकमाला केएमएस नको, त्याने जांभळा-लाल रंग उडतो.

एक चूक हमखास होते. *गरम रस व्हॅक्युमने ओढू नका.* ८५ अंशांचा रस १३ इंच व्हॅक्युमला उकळायलाच लागतो. फेस वर येतो आणि थेट पंपात जातो.

*भांडं का फुटतं*

माथेरानला पाणी पिऊन रिकामी बाटली तिथेच घट्ट बंद करा आणि नेरळला आणा. बाटली थोडी चेपलेली दिसेल. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच, तिथे हवेचा दाब कमी. खाली बाहेरचा दाब वाढतो, आतला तेवढाच राहतो. हा फरक गेजवर मोजला तर फक्त अडीच इंच भरेल. अडीच इंचांत बाटली चेपते, तर १५ इंचांत २० लिटरच्या पाण्याच्या जारचं काय होईल? त्याचा तळ साधारण २७ सेंटीमीटर रुंद असतो. त्या एकट्या तळावर जवळपास २९० किलोचा भार येतो, म्हणजे भाताची ५० किलोची जवळजवळ सहा कट्टी. बाजूंवरचा भार वेगळा.

डिप्लोमाला असताना मी हा उद्योग स्वतः करून बघितलाय. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, पाण्याचा जार आणि करवंदाचा रस. जार धाडकन आत चेपला, नळी सुटली, मधे अडवायला काही नव्हतं म्हणून रस कॉम्प्रेसरमध्ये गेला. भिंतीवर तेल आणि करवंद एकत्र. कॉम्प्रेसर गेला, रस गेला, सरांची बोलणी खाल्ली. प्लास्टिक होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. काच असती तर हा मेसेज टाइप करायला बोटं धड राहिली नसती. काचेच्या बरणीला न दिसणारा ओरखडा असला तरी ती व्हॅक्युममध्ये फुटते आणि तुकडे उडतात. लोणच्याची बरणी, चौकोनी बाटली, काहीच वापरू नका.

फ्रीजचा कॉम्प्रेसर का नको तेही सांगते. जुना फ्रीज कापताना आतला गॅस बाहेर येतो, काही फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो. कॉम्प्रेसर तेलावर चालतो, ते तेल हवेबरोबर बाहेर उडतं. त्यात पाण्याची वाफ गेली की आतून गंजतो. आणि उघड्या वायरी ओल्या जागेत म्हणजे शॉकचा धोका.

*घरी दूध काढणी यंत्र असेल तर*

ज्यांच्या गोठ्यात बादलीचं दूध काढणी यंत्र आहे, त्यांच्याकडे व्हॅक्युम पंप, गेज, दाब राखणारा व्हॉल्व्ह आणि व्हॅक्युम सोसणारी बादली आधीच आहे. नवीन पंप घेऊ नका. मात्र हे नियम पाळा:

✅ बादली स्टीलचीच हवी. ॲल्युमिनियमला आंबट रस चालत नाही.
✅ रसासाठी वेगळी बादली, वेगळी खाद्य-दर्जाची नळी, वेगळी रबर रिंग. दुधाचा वास रसाला लागतो. विकायचं असेल तर यात तडजोड नाही, आणि एफएसएसएआयची नोंदणीही हवी.
✅ झाकणावरचा पल्सेटर काढून ती जागा बुचाने बंद करा, नाहीतर तिथून हवा शिरेल.
✅ यंत्राचा व्हॅक्युम साधारण १२ ते १५ इंचांवर लावलेला असतो. आपल्याला ४-५ पुरतो. हवा सोडायचा कॉक थोडा उघडा ठेवा, आणि रसाच्या नळीला तोटी लावा. जोरात ओढलं तर गाळ वर येतो.
✅ नळीचं टोक गाळाच्या चार बोटं वर ठेवा.
✅ बादली पाऊण भरली की थांबा. बादली आणि पंप यांच्यामध्ये व्हॅक्युमची टाकी हवीच. चुकून वर आलेला रस तिथे अडतो. काम झालं की ती टाकी रिकामी करा.
✅ बंद करताना आधी नळी रसातून बाहेर काढा, काटा शून्यावर येऊ द्या, *मग* मोटर बंद करा. उलटं केलं तर पंपाचं तेल मागे खेचलं जाऊ शकतं.
✅ धारेच्या वेळेच्या आसपास हे काम काढू नका. जनावर ताटकळता कामा नये.

*आणि नुसती नळी*

उंचावरच्या शेततळ्यातून पाइपने पाणी खाली उतरवता ना? तसंच. रसाचं भांडं टेबलावर, रिकामं भांडं जमिनीवर. स्वच्छ नळी उकळून थंड केलेल्या पाण्याने भरा, दोन्ही टोकं बोटांनी दाबा, एक टोक रसात बुडवा, दुसरं खाली सोडा. आधीचं पाणी वेगळ्या भांड्यात जाऊ द्या, रस आला की भांडं बदला. तोंडाने ओढू नका, तोंडातले जंतू रसात जातात. खालचं टोक भांड्याच्या तळाला टेकवलं की रस खळखळत नाही आणि हवाही मिसळत नाही.

म्हणजे गाळावरून स्वच्छ रस काढायचं पंपाचं काम दोनशे रुपयांच्या आतली नळी करते. नळीला एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे बारीक फिल्टरमधून रस ओढणं. त्यासाठी पंप लागतो, पण ते गटाचं काम आहे, एका घराचं नाही. दिवसाला शंभर लिटरच्या वर रस काढणारा गट उभा राहिला तर कंपनीमार्फत एकच चांगला, तेलाशिवाय चालणारा पंप घेण्याचा विषय आपण सभेत ठेवू.

तोपर्यंत एक विनंती. कोणी घरी काचेची बरणी आणि कॉम्प्रेसर जोडून ठेवला असेल तर आजच सोडवून ठेवा. आणि या हंगामात वीस किलो जांभळावर नळीने करून बघा. स्वच्छ रस किती निघाला, गाळ किती राहिला, लिहून ठेवा. चार घरचे आकडे आले की गटाचं गणित मांडता येईल.

काही अडलं तर भांड्याचा आणि नळीचा फोटो पाठवून विचारा. सुरू करण्याआधी विचारा, म्हणजे झालं.

तुमची कृषी मार्गदर्शक,
नेरळ